तिसरा खिळा

मरणाची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेला आणि तरीही इतका मजेत जगणारा माणूस आमच्या व्याह्यांशिवाय उभ्या मराठवाड्यात दुसरा निघणार नाही. पैजेवर सांगतो. लोक म्हातारपणाची सोय करतात, पोरीच्या लग्नाची सोय करतात, फार तर काशीला जायची सोय करतात. आमचे व्याही ऐन पन्नाशीत, ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेण्याची ताकद असताना, स्वतःच्या तेराव्याची सोय करून बसले होते. कारण एकच. त्यांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्या बसल्या गेले. मग थोरले भाऊ, ज्यांना सगळं गावच 'भाऊ' म्हणायचं, तेही अठ्ठावन्न पुरे व्हायच्या आत गेले. दोघांच्याही छातीत दुखलं होतं आणि दोघांनीही पित्त झालं असेल म्हणून खायचा सोडा घेतला होता. तेव्हापासून व्याह्यांनी ठरवूनच टाकलं. "आमच्या घराला अठ्ठावन्नची मुदत हाय, इवाई," सोयरीक जमली त्याच दिवशी ते मला म्हणाले. "लगीन लवकर उरका. मांडवात बाप नसला की पोरीचा फोटो चांगला येत न्हाई." आम्ही पडलो मुलाकडचे. मी गुमान लग्न लवकर उरकलं.

त्यांचं घर दिंद्रुडला. ओसरीवरून आत गेलं की समोरच्या भिंतीवर दोन फोटो आहेत, वडिलांचा आणि भाऊंचा, दोघांनाही चंदनाचे हार. त्यांच्या शेजारी एक मोकळा खिळा. हा तिसरा खिळा व्याह्यांनी स्वतः ठोकला, तोही सुतळी धरून, दोन फोटोंच्या अगदी रेषेत. "मागून पोरं कुठंबी ठोकतेत," ते म्हणाले. "मंग जलमभर वाकडं लटकायचं." विहीणबाई या खिळ्यावर इतक्या भडकल्या की त्यांनी तिथे पीठ चाळायची चाळणी अडकवली. व्याही चाळणी काढून चुलीपाशी ठेवायचे, विहीणबाई परत आणून अडकवायच्या. पाहुणेरावळे बसलेले असले तरी हा कार्यक्रम चालायचा. एकदा व्याही म्हणाले, "आगं, खिळा सैल व्हईल तुज्या चाळणीनं." त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "होऊ दे की. तुमास्नी लटकायची लई घाई लागलीय व्हय!"

एकदा मुदत ठरली म्हटल्यावर त्यापलीकडचं काहीही घ्यायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. मोबाइलचं रिचार्ज महिन्याचंच मारायचे. दुकानदारानं वर्षाचं स्वस्त पडेल म्हटलं की त्याच्याकडे असे बघायचे, की बिचाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. वरचे चार दात पडले होते, पण कवळी लावायचं नाव नाही. "कावून लावायची? थोड्या दिसासाठी तोंडाला नवी सवय लावायची अन् मंग जायचं!" चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. वडिलांनी लावलेली मोसंबीची बाग म्हातारी झाली, ती काढली, पण नवी रोपं काही लावली नाहीत. मोसंबीला फळ धरायला वर्षं लागतात. तिथे ते मूग पेरायचे. मूग कसा, झटपट हातात येतो. अख्ख्या गावात मुगावर एवढा जीव असलेला माणूस दुसरा नसेल.

पण खरी मजा गुरांच्या बाजारात. व्याही जनावरांचे जाणकार. बैलाचा ओठ वर करून दात बघायचे आणि अजून किती वर्षं ओढील ते सांगायचे. लोक आपला सौदा थांबवून त्यांना दात दाखवायला बैल घेऊन यायचे. आणि स्वतःसाठी बैल घेताना हे गृहस्थ काय बघत असतील? चांगला तरणाबांड, दुधाचे दात पडून पहिले दोन पक्के आलेला दोन दाती गोऱ्हा समोर उभा असला तरी पाठीवरून हात फिरवून पुढं जायचे आणि सगळे दात जुळलेला, उतरतीला लागलेला बैल निवडायचे. "ह्यो माज्यासंगं रिटायर व्हईल," म्हणायचे. "तरणा घेतला अन् म्या गेलो, तं त्यो कोनाकडं बगून हंबरायचा?" हे ऐकून मी हसलो होतो. घरी आल्यावर मात्र मला ते आठवून जेवण गेलं नाही.

त्या बाजारातली एक रीत सांगायला पाहिजे, कारण पुढे सगळं तिच्यावरच फिरलं. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. आणि उपरण्याखाली एकदा हात पक्का झाला, की आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. व्याही तसे थापेबाज. तंबाखू सोडतो, ही शपथ त्यांनी विहीणबाईंच्या गळ्याला हात लावून, देवाच्या दारात, एकदा तर माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. माझ्या डोक्याचं काही झालं नाही, तंबाखूचंही नाही. "तोंडानं दिलेलं वायलं अन् उपरण्याखाली दिलेलं वायलं," असं ते अगदी उजळ माथ्यानं सांगायचे.

बीडला माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं आणि नाइलाजानं तेराव्याच्या पत्रिका. एके दिवशी भर दुपारी व्याही उन्हातून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "इवाई, एक पत्रिका जुळवून ठिवायची हाय." मला वाटलं त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मी खुशीत कागद पुढं ओढला, तर हे सांगायला लागले, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे वडील..." आणि पुढे स्वतःचं नाव! मी पेन खाली ठेवलं. पण ऐकतील तर शपथ. मायना त्यांनी पाठ करून आणला होता. "वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने" इथे आल्यावर मी म्हणालो, "पाव्हणं, तुम्ही आत्ता छप्पन्नचे आहात. निदान झटका तरी येऊ द्या! आणि आधीपासून 'तीव्र' कशाला?" तर म्हणतात, "न्हाई न्हाई, तीव्र पायजेच. नुसता झटका ल्हिवलं की लोक म्हनतेत, दवाखान्यात न्यायचं व्हतं. तीव्र म्हनलं की पोरांवर बोल येत न्हाई." शेवटी त्यांना वाटेला लावायचं म्हणून मी ते कॉम्प्युटरवर जुळवून ठेवलं.

आमची सूनबाई म्हणजे त्यांची लेक. छापखान्याचा कॉम्प्युटर तीच सांभाळते. दोन दिवसांनी एका लग्नपत्रिकेची फाईल शोधता शोधता तिच्यासमोर बापाच्या तेराव्याची पत्रिका उघडली. मी गल्ल्यावर होतो. तिचा आवाज येईना म्हणून वळून बघितलं, तर पोर पडद्याकडे टक लावून बसलेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणाली, "मामा, दादांना काही होतंय का? तुम्हाला काही बोललेत का ते?" तेव्हा मला आठवलं, उन्हातून आल्यावर ते पायरीवर छातीला हात लावून थांबले होते. मी विचारलं तर म्हणाले होते, "चढाला जरा दाटतं. येऊ लागलीय गाडी." मी ते सांगताच सूनबाई उठलीच. तिनं दिंद्रुडला फोन लावला आणि बापाला असं काही सुनावलं, की शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला आला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही संभाजीनगरला. व्याही मात्र नवं धोतर नेसून, दाढी करून, बैलांच्या गळ्यात पडून निरोप घेऊन निघालेले. गाडीत सगळ्यांना समजावत होते, "रडू नगा. मुदतीच्या आदी बोलावनं आलंय, एवडंच." हृदयाचे डॉक्टर चाळिशीचे, मूळचे उमापूरचे निघाले. त्यांनी तपासलं, छातीची पट्टी काढली, वडिलांची आणि भाऊंची सगळी हकिकत विचारली आणि म्हणाले, "पट्टी ठीक आहे. पण घरातला इतिहास असा आणि चढाला दाटतंय, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढून बघू. तार घालून करतात तसं नाही. शिरेतून औषध सोडायचं आणि यंत्रात झोपायचं."

व्याही आत गेले आणि आम्ही देवाचं नाव घेतोय न घेतोय तोवर बाहेरही आले. चेहरा पडलेला. "एवडंच? म्या तं बैलांचा बी निरोप घेऊन आलतो!" मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध सोडलं तव्हा अंगातून ऊन ऊन पानी फिरल्यावानी झालं. म्हनलं, आली गाडी. तं वरून आवाज आला, श्वास रोखा. म्या रोखला. म्हनलं, आता ह्यो काय परत सोडायला सांगत न्हाई. तं सांगितलं की लगीच!" आणि एक तक्रार केलीच. "इवाई, ह्येंनी दात काई बगितले न्हाईत."

संध्याकाळी डॉक्टरांनी चित्र दाखवलं. पडद्यावर हृदय आणि त्यावरून फिरणाऱ्या तीन वाहिन्या. एका ठिकाणी पांढरे ठिपके होते, तिथे वाट थोडी अरुंद झालेली. डॉक्टर म्हणाले, "हे कॅल्शियम साठलंय. बंद झालेलं काही नाही, स्प्रिंग टाकायची गरज नाही. पण साठा आहे, तो वाढू द्यायचा नाही." व्याह्यांचे डोळे चमकले. "ह्ये तं ठिबकच्या नळीतलं क्षार! आमच्या बोअरच्या पान्यानं आसंच बसतं. एक बाटली ॲसिड सोडलं की नळी मोकळी. सोडा की!" डॉक्टर मनापासून हसले. म्हणाले, "दादा, तुमच्या नळीत ॲसिड सोडलं तर क्षाराबरोबर नळी पण जाईल. रोज एक गोळी घ्यायची. ती काय करते, हा साठा वाढू देत नाही आणि जागेवर घट्ट धरते. फुटून अडकला तर झटका, म्हणून तो फुटू द्यायचा नाही."

सूनबाई माझ्या शेजारी पदर मुठीत धरून बसली होती. व्याह्यांनी पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, म्या बैलाचे दात बगून सांगतो, किती वरसं ओढील. तुमी आतलं बगितलंय. मंग किती?" डॉक्टर म्हणाले, "तारीख कुणालाच सांगता येत नाही. पण या चित्रावरून पुढच्या वर्षांत धोका किती, याचा अंदाज येतो." त्यावर आमचे व्याही उठले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भर दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर हात पुढं करून त्यावर पसरलं. "सांगा मंग. पन लेकीसमोर भाव फोडू नगा."

माझी तर लाजेनं मान खाली गेली. वाटलं, आता हा शिकलेला माणूस शिपायाला बोलावतो. पण डॉक्टर उमापूरच्या शेतकऱ्याचं पोर. त्यांनी आपला हात सरळ उपरण्याखाली घातला. आम्हाला फक्त कापड हलताना दिसत होतं आणि व्याह्यांचा चेहरा बदलत होता. आत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "बोटाला एक वरीस. म्या दोन बोटं धरली, त्यानं झटकली. म्हनलं, गेलो, एकच न्हाई तं तेबी न्हाई. पन त्यानं मानेनंच वर जा म्हनून खुनावलं. तीन धरली, झटकली. चार धरली, झटकली. म्हनलं, आरं, ह्ये तं वर चाललंय! आख्ख्या हयातीत असा सौदा बगितला न्हाई. शेवटी पंजा दिला, तं त्यानं सगळा पंजाच धरला अन् सोडंना. पंजाच्या म्होरं बोटंच न्हाईत, न्हाई तं आनखी वर गेला आसता."

हात धरूनच डॉक्टर बोलले. "एवढं पाहिजे असेल तर तुमच्याकडून काय? सौदा दोन्हीकडून होतो. तंबाखू." व्याही म्हणाले, "निम्मी." डॉक्टर म्हणाले, "सगळी." जरा वेळ कापड हललं नाही. मग हललं. "गोळी रोज, न चुकता." हललं. "आणि छातीत दुखलं, दाटलं, तर सोडा घ्यायचा नाही, कुणापासून लपवायचं नाही, तडक दवाखाना." हे ऐकून व्याह्यांनी खाली बघितलं. मग कापड हललं आणि डॉक्टरांनी हात सोडला. ते म्हणाले, "ज्यांचं चित्र असं असतं आणि जे नेमानं गोळ्या घेतात, त्यांतले बहुतेक लोक वर्षानुवर्षं चांगले राहतात. शंभर टक्के मी देवाचंही सांगणार नाही. पण दादा, अठ्ठावन्न हा आकडा या चित्रात कुठंच नाही. मी सगळं शोधून बघितलं."

सूनबाई हसता हसता रडायला लागली. मी विहीणबाईंना फोन लावायला बाहेर पळालो. आणि व्याही? ते सुन्न होऊन बाकावर बसले होते. मला वाटलं आनंदानं. तर माझा हात धरून म्हणतात, "इवाई, आता वो? समदे बैल म्हातारे घेऊन ठिवलेत! कवळी लावावी लागंल. चष्मा नवा घ्यावा लागंल. मोसंबी लावली असती तं आता फळाला आली असती की हो!" परतीच्या वाटेत गेवराईला आम्ही चहाला उतरलो. त्यांनी सवयीनं चंची सोडली, हातावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळली. मग तशीच हातावर धरून बघत राहिले. त्यांनी हात झटकला, उपरण्याला पुसला आणि म्हणाले, "काय लबाड मानूस हाय त्यो डॉक्टर! उपरण्याखाली घेतलं माज्याकडून." त्या दिवसापासून त्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही. चिडचिड मात्र एवढी केली, की विहीणबाई मला फोन करून म्हणायच्या, "आवो, एक चिमूट तरी देऊ का ह्येनला?" पण मागितली त्यांनी कधी नाही.

तरी अठ्ठावन्नावं वर्ष लागलं तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. खोटं कशाला बोला. दिंद्रुडचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. एके दिवशी भल्या सकाळी विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ह्ये काल बाजारातून वासरू घेऊन आले." मी म्हणालो, "मग?" तर म्हणाल्या, "आवो, आदत हाय! दुधाचे दात हायत त्याला! आमच्या दावणीला आसलं पोर यांनी कदी आनलंच न्हाई." आणि बाई फोनवरच हुंदके द्यायला लागल्या. मी फोन ठेवला आणि सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, आज पेढे आणा." मी आणले.

अठ्ठावन्न सरून आता चांगले सहाएक महिने झाले. मध्यंतरी व्याही छापखान्यात आले होते. नवी कवळी, नवा चष्मा, खळखळून हसले की आता भीतीच वाटते. म्हणाले, "ती पत्रिका हाय का अजून?" सूनबाई फणकारली, "मी कवाच पुसून टाकली, दादा." तर हे नाराज! "मायना चांगला जमलता गं. परत जुळव. फकस्त 'तीव्र' काढ, अन् वयाच्या जागी जागा सोड. तीन आकडे मावले पायजेत." सूनबाईनं हातातली पट्टी त्यांच्यावर उगारली.

गेल्या महिन्यात मी दिंद्रुडला गेलो होतो. भिंतीवर वडील आणि भाऊ तसेच आहेत. तिसऱ्या खिळ्याला आता गोळ्यांची पिशवी लटकते, विहीणबाईंनीच शिवलेली, जुन्या लुगड्याच्या काठाची. व्याही शेतातून आले, हातपाय धुतले, पिशवीतून गोळी काढून घेतली आणि तिथेच उभे राहिले. भाऊंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "इवाई, भाऊचा ह्यो फोटो म्या काढून घेतलता. बीडला स्टुडिओत नेलं, कोट भाड्यानं घेतला. लई खूश झालता." मग पिशवी खिळ्यावर नीट सरळ केली. "त्याच दिशी त्यो आतला फोटो बी काढला असता तं..." एवढंच म्हणाले आणि उपरण्याच्या टोकानं काचेवरची धूळ पुसायला लागले. विहीणबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी भाऊंना पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी ते असायला हवे होते असं मला फार वाटलं.

गोठ्यातून वासरू हंबरलं. व्याह्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "चला, दोन दात दिसायला लागलेत का बगू." मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्यांनी वासराची मान काखेत धरली, ओठ वर केला, आणि नव्या चष्म्यातून नीट निरखून बघितलं. दुधाचे दात अजून जागच्या जागी होते. मी म्हणालो, "अजून वेळ आहे, पाव्हणं."

"येतील की," वासराची पाठ खाजवत व्याही म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाय."